मामांची सही खोडू नकोस

वाचकाचं पत्र (थोडं संक्षिप्त करून):

माझं वय २७. नोकरी पुण्यात, घर चिपळूणला. गेल्या वर्षी मामा गेले. त्यांनी लग्न केलं नव्हतं. मुंबईत नोकरी केली आणि निवृत्तीनंतर आमच्याकडे राहिले. त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत इंद्रजाल कॉमिक्सचे २१४ अंक निघाले. बहुतेक वेताळाचे (म्हणजे इंग्रजीतल्या 'फँटम'चे), थोडे जादूगार मँड्रेकचे आणि बहादूरचे. २०२१ च्या पुरात ट्रंक माळ्यावर होती म्हणून वाचली. प्रत्येक मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात मामांची सही, तारीख आणि अंक कुठे घेतला त्या गावाचं किंवा स्टेशनचं नाव. एका विक्रेत्यानं फोनवर सगळ्यांचे मिळून ४०,००० रुपये सांगितले. सह्या औषधानं काढून दिल्या तर आणखी देईन म्हणाला. भाऊ म्हणतो, देऊन टाक, नाहीतर लॅमिनेट करून ठेव. मी स्वतः अमेरिकन सुपरहिरो कॉमिक्स वाचते, गोळा करते, त्यांवर मराठीत लिहायचा प्रयत्न करते, पण 'भारी आहे'च्या पुढे लेखणी सरकत नाही. मामांचे अंक वाचायला घेतले, तर तिसऱ्याच पानावर लाज वाटली. गोरा माणूस सिंहासनावर आणि काळी माणसं त्याच्यासमोर गुडघ्यावर. मामांना हे इतकं का आवडायचं? विकू, ठेवू की झाकून ठेवू? (मला अगं-तुगं केलंत तरी चालेल.)
– मामाची भाची

प्रिय मामाच्या भाचीस,

आधी घाईचं सांगते. ते औषध विकत आणलं असशील तर बाजूला ठेव. एकाही अंकावर थेंबभरसुद्धा लावून बघू नकोस. बॉलपेनची शाई कागदात मुरलेली असते. तिला काढणारं द्रावण खालच्या छपाईचा रंगही उचलतं आणि सहीच्या जागी पांढुरका डाग राहतो. विक्रेत्याच्या हिशेबानंसुद्धा हा सौदा खोटा आहे. अमेरिकेत कॉमिक्सचा दर्जा ठरवणारी सीजीसी नावाची कंपनी २००० सालापासून काम करते. ती अंक तपासून दहापैकी गुण देते आणि प्लॅस्टिकच्या कडक पेटीत बंद करून टाकते. रसायनानं साफ केलेला अंक तिथे सापडला, तर त्याला जांभळं लेबल लागतं, म्हणजे 'या प्रतीला हात लावलेला आहे' असा शेरा. असा अंक घेणारे मागे हटतात. साधी सही असलेला अंक मात्र तसाच, नेहमीच्या लेबलनं जातो. थोडे गुण कमी होतात, इतकंच.

कधी कधी तर उलटंच होतं. १९३० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यात, एका छोट्याशा गावात लार्सन आडनावाचा एक मुलगा औषधांच्या दुकानातून कॉमिक्स घ्यायचा. त्याच्यासाठी बाजूला काढून ठेवलेल्या अंकांवर दुकानात पेन्सिलीनं त्याचं नाव लिहिलं जायचं. पुढे ती कॉमिक्स बाजारात आली, हातोहात फिरली, आणि आज मुखपृष्ठावर पेन्सिलीनं 'लार्सन' लिहिलेलं असणं हीच त्या प्रतींची ओळख झाली आहे. संग्राहक ते नाव शोधत असतात. का? कारण त्यामुळे ही प्रत कुठून आली ते कळतं. कुणीतरी एका मुलानं, एका गावात, वाट बघून ती घेतली होती, हे कळतं.

तुझ्या मामांनी तर नावाबरोबर तारीख आणि स्टेशनही लिहिलंय. इंद्रजालचे अंक रेल्वे स्टेशनांवरच्या स्टॉलवर, कोपऱ्यावरच्या पेपरवाल्याकडे मिळायचे, भाड्यानं देणाऱ्या लायब्रऱ्यांत फाटेपर्यंत फिरायचे आणि शेवटी रद्दीत जायचे. कुठला अंक कुठल्या दिवशी कुठल्या फलाटावर हाताला लागला, याची नोंद कुणी ठेवली असेल? तुझ्याकडे तशा २१४ नोंदी आहेत. खोडायचं काय त्यात?

आता विक्रीबद्दल. विकण्यात पाप आहे असं मी म्हणणार नाही. घराला पैसे लागतात, भावाचंही त्या ट्रंकेवर नातं आहे, आणि जे अंक दोनदोन असतील त्यातला एक दुसऱ्या वाचकाकडे गेला तर बरंच. पण यादी केल्याशिवाय एकही अंक घराबाहेर जाऊ देऊ नकोस. एकगठ्ठा भाव सांगणाऱ्याला बहुधा त्यातले दहा-पंधरा अंक हवे असतात. बाकीचा गठ्ठा तो त्यांच्यासाठी घेतो. ते दहा-पंधरा कुठले, हे त्याला माहीत आहे आणि तुला नाही, एवढाच त्या ४०,००० चा अर्थ. म्हणून एक दोनशेपानी वही घे. प्रत्येक अंकाला एक ओळ: अंकाचा क्रमांक, नाव, भाषा, किंमत, नायक कोण, पानं पुरी आहेत का, मधलं पान सुटलंय का, कूपन कापलंय का, शब्दकोडं भरलंय का. आणि शेवटच्या रकान्यात मामांची तारीख आणि जागा, जशी लिहिली असेल तशी. वेताळाच्या गुहेत आधीच्या सगळ्या वेताळांनी स्वतःच्या हातानं लिहिलेले मोठमोठे ग्रंथ असतात, ते तू पाहिले असशील. पुढचा वेताळ आधी ते वाचतो, मग बाहेर पडतो. तशीच ही वही समज. ती झाल्यावर विक्रेत्याला प्रत्येक अंकाचा वेगळा भाव विचार. तो उत्तर देताना कुठे अडखळतो, तिथे नीट ऐक.

क्रमांकाबद्दल एक सूचना. इंद्रजालची सुरुवात मार्च १९६४ ला, मुंबईत, टाइम्स ऑफ इंडिया चालवणाऱ्या बेनेट कोलमन कंपनीनं केली आणि १९९० मध्ये ते बंद पडलं. पहिले ३२ अंक फक्त वेताळाचे होते. हे सुरुवातीचे क्रमांक ट्रंकेत निघाले, तर ते वेगळे ठेव आणि त्यांच्याबद्दल फोनवर कुणाशीच बोलू नकोस.

तू अमेरिकन कॉमिक्स गोळा करतेस म्हणून हेही इथेच सांगते, कारण दोन्हीकडची चूक एकच आहे. २०२४ साली 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकाची एक प्रत ६० लाख डॉलरला विकली गेली, ही बातमी तुझ्या भावानंही वाचली असेल. सुपरमॅन ज्यात पहिल्यांदा आला तो हा १९३८ चा अंक. किंमत दहा सेंट. त्याच्या आज जेमतेम शंभरेक प्रती उरल्या असाव्यात असं मानतात, कारण तेव्हा कुणीच तो जपला नाही. मुलांनी वाचला, फाडला, युद्धाच्या काळात रद्दी गोळा करणाऱ्यांना दिला, आयांनी चूल पेटवली. वाचून संपवला म्हणून तो दुर्मीळ झाला. पुढे १९९० च्या आसपास लोकांना वाटलं, आपणही आज घेऊन ठेवू आणि उद्या श्रीमंत होऊ. १९९१ मध्ये 'एक्स-मेन'चा नवा पहिला अंक पाच वेगवेगळ्या मुखपृष्ठांत आला आणि ८० लाखांवर प्रती खपल्या. पुढच्या वर्षी सुपरमॅन मेला, त्याचा अंक काळ्या पिशवीत सीलबंद आला आणि लोकांनी पिशवी न फोडता कपाटात ठेवला. सगळ्यांनीच जपला, म्हणून आज तो कुणालाही मिळतो, अगदी स्वस्तात. त्या फुग्याच्या फुटण्यात शेकडो दुकानं बुडाली आणि १९९६ च्या डिसेंबरात 'एक्स-मेन' छापणाऱ्या खुद्द मार्व्हल कंपनीला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. तेव्हा एकाच अंकाची चार मुखपृष्ठं घेण्यात पगार घालवू नकोस. आणि प्लॅस्टिकच्या पेटीत अंक बंद करायचा असेल, तर आधी वाचून घे. मला ती पेटी आवडत नाही. तिच्यात मुखपृष्ठ दिसतं, आतली वीस-बावीस पानं कायमची गप्प होतात.

जपणुकीचं मात्र थांबू शकत नाही. चिपळूणचा पाऊस मला माहीत आहे. लॅमिनेशन अजिबात नाही: उष्णतेनं कागद चिकटतो तो कायमचा, आणि आतल्या आत पिवळा पडत राहतो. इंद्रजाल ज्या स्वस्त कागदावर छापलं जायचं त्यात लाकडाचा अंश राहतो, तो हवा आणि उजेड लागला की आम्ल होतो आणि कागद ठिसूळ करतो. हे थांबत नाही, पण मंद करता येतं. पत्र्याची ट्रंक सोड. पावसाळ्यात तिच्या आत घाम येतो. प्रत्येक अंक पॉलिप्रॉपिलीनच्या, किंवा परवडलं तर मायलरच्या पिशवीत, मागे आम्लरहित पुठ्ठा, आणि सगळे अंक खोक्यात उभे, शेजारी शेजारी, ना फार दाबून ना कलते. मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसीच्या पिशव्या नकोत. खोकं बाहेरच्या भिंतीला टेकवू नकोस, जमिनीवर ठेवू नकोस. सिलिका जेलच्या पुड्या घाल आणि त्या दर महिन्याला बदल किंवा वाळव. डांबरगोळ्या कागदाशेजारी नकोत. कसर दिसली, तर ते अंक पिशवीत हवाबंद करून दोन आठवडे फ्रीजरमध्ये ठेव, बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नकोस. आपल्याकडे ऑक्टोबरात पुस्तकांना ऊन दाखवायची पद्धत आहे. या कागदाला ऊन नको, पंख्याखालची सावली दाखव. मधल्या पिना गंजल्या असतील, कोकणात गंजतातच, तर त्या ओढून काढायला जाऊ नकोस, पान फाटेल.

आणि सेलोटेप नाही. मी बारा वर्षांची असताना माझ्या सगळ्यात लाडक्या अंकाच्या कण्याला सेलोटेप लावली होती, त्याचं भलं व्हावं म्हणून. वीस वर्षांनी काढून पाहिला, तर टेप वाळून सुटली होती आणि तिच्या जागी चहाच्या रंगाचा पट्टा कायमचा बसला होता, वेताळाच्या घोड्याच्या बरोबर मानेवर. अजून तो अंक माझ्याकडे आहे आणि अजून तो पट्टा बघवत नाही.

आता तुझ्या तिसऱ्या पानाकडे येते. तुझं पत्र मी तीनदा वाचलं ते त्यासाठी.

तुला लाज वाटली, ती बरोबर आहे. ली फॉक यांनी वेताळ १९३६ साली अमेरिकन वर्तमानपत्रांसाठी निर्माण केला, सुपरमॅनच्याही दोन वर्षं आधी. अंगाला घट्ट बसणारा पोशाख आणि बुबुळं न दिसणारा मुखवटा हे पुढच्या सगळ्या सुपरहिरोंचं रूप पहिल्यांदा त्याच्या अंगावर दिसलं. पण त्याच्या कथेचा पाया काय? गोऱ्या घराण्यातला एकविसावा पुरुष जंगलात राहतो, आणि तिथले लोक त्याला चारशे वर्षं न मेलेला मानतात, कारण बाप गेला की मुलगा तोच पोशाख चढवतो. जंगलातल्या माणसांच्या भोळेपणावर सगळा डोलारा उभा आहे. ते शहाणे ठरले तर कथाच संपते. मँड्रेकचा सोबती लोथार बघ: स्वतः राजपुत्र, जगातला सगळ्यात बलवान माणूस, पण १९३४ पासून कितीतरी वर्षं बिबट्याचं कातडं पांघरून, तोडकंमोडकं इंग्रजी बोलत एका जादूगाराच्या मागे उभा. १९६५ मध्ये फ्रेड फ्रेडरिक्स चित्रकार म्हणून आले, तेव्हा कुठे त्याला धड कपडे आणि धड वाक्यं मिळाली.

इथेच परीक्षण सुरू होतं, हे तुला सांगायचंय. 'भारी आहे' आणि 'लाज वाटली' ही दोन्ही वाक्यं एकाच जातीची आहेत. दोन्ही तुझ्याबद्दल बोलतात, पानाबद्दल नाही. पानावर बोट ठेव. सिंहासन चौकटीत कुठे आहे? उजेड कुणाच्या चेहऱ्यावर? गुडघ्यावर बसलेल्यांपैकी किती जणांना स्वतःचा चेहरा दिलाय आणि किती जणांना नुसती पाठ? कोण बोलतं आणि कुणाच्या तोंडून नुसता उद्गार निघतो? हे मोज. खरंच मोज. एका अंकातले संवादाचे फुगे मोजले, तरी तुला चार परिच्छेद मिळतील, आणि तुझं म्हणणं कुणाला 'हळवेपणा' म्हणून झटकता येणार नाही.

मग आणखी एक गोष्ट बघ, जी फक्त मामांच्या अंकांत सापडेल, अमेरिकन पुस्तकात नाही. मूळ कथेत वेताळाचा देश आहे बंगाला आणि त्याच्या पूर्वजाचा जीव घेणारे चाचे आहेत सिंग. भारतीय आवृत्तीत देशाचं नाव डेंकाली झालं आणि सिंगांचे 'सिंगा' झाले. कारण सांगायला नको. बंगाल आणि सिंग ही आपली नावं. म्हणजे संपादकांच्या टेबलावर कात्री होती, आणि नाव बदललं की अर्थ बदलतो हेही त्यांना कळत होतं. आपल्याला जे बोचलं असतं ते बदललं गेलं. आफ्रिकेतल्या माणसाला जे बोचेल, ते तसंच छापलं गेलं आणि आपण सगळ्यांनी ते मजेत वाचलं. मीही वाचलं. मला वाटतं, मराठीतून वेताळावर लिहायचं तर लिहिण्यासारखी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही आहे, आणि ती मराठी वाचकालाच लिहिता येईल.

पण तेवढ्यावर थांबलीस, तर मामांवर अन्याय होईल. त्यांना हे का आवडायचं, हा तुझा खरा प्रश्न आहे. त्यांचं मन मला ठाऊक नाही. पण तो अंक हातात धरल्यावर काय व्हायचं ते ठाऊक आहे. बत्तीसेक पानं, रंगीत, मराठीत. बी. गोविंद या नावानं सही करणाऱ्या आपल्याच चित्रकारानं, गोविंद ब्रह्मणियांनी, कितीतरी मुखपृष्ठं रंगवली. आतलं चित्र परदेशी आणि बाहेरचं इथलं. आत वेताळ कायम कमी बोलतो, पैसे घेत नाही, दिलेला शब्द मोडत नाही, आणि त्याच्या अंगात कुठलीही जादू नाही. तो उडत नाही. गोळी लागली तर त्याला रक्त येतं. चाळीतल्या खोलीत राहणाऱ्या, लोकलमध्ये उभं राहून जाणाऱ्या माणसाला सुपरमॅनपेक्षा हा जवळचा वाटला, तर त्यात नवल नाही. यातलं काहीही त्या गुडघ्यावरच्या माणसांना पुसून टाकत नाही. दोन्ही एकाच पानावर आहेत. तर दोन्ही एकाच परिच्छेदात लिही. 'काळाच्या संदर्भात बघायला हवं' असं एक वाक्य टाकून पुढे जाऊ नकोस. त्या वाक्यानं काहीच बघितलं जात नाही.

कथा काळाबरोबर हललीही, हेही तपास. फॉक यांनी पुढे त्याच देशात लामांडा लुआगा नावाचा काळा डॉक्टर निवडणूक जिंकून राष्ट्राध्यक्ष झालेला दाखवला, आणि वेताळाला त्याच्याशी बरोबरीनं बोलावं लागतं. वेताळाची प्रेयसी डायना संयुक्त राष्ट्रसंघात नोकरी करते. त्यांचं लग्न १९७७ साली झालं. पण मुखपृष्ठावरची तारीख बघून फसू नकोस. इंद्रजालनं जुन्या-नव्या कथा मागेपुढे छापल्या, त्यामुळे मामांनी सत्तर साली घेतलेल्या अंकात पन्नास सालची कथा असू शकते. ओळखायचा एक उपाय चित्रकार. विल्सन मॅककॉय यांची माणसं जरा ताठ, रेषा जाड, पार्श्वभूमी मोकळी. १९६१ पासून साय बॅरी आले आणि अंगातले स्नायू, कपड्यांच्या चुण्या, जंगलातली सावली सगळंच भरलं. चार-पाच अंक शेजारी ठेवलेस की हात ओळखता येतो. हा सराव मला सगळ्यात आनंदाचा वाटतो. सही नसलेल्या पानावर माणूस ओळखणं.

तुझ्या लेखणीला अडवणारी एक गोष्ट बहुधा हीच आहे: तू नायकाबद्दल लिहितेस, बनवणाऱ्यांबद्दल नाही. कॉमिकमध्ये लिहिणारा, पेन्सिलीनं रेखाटणारा, शाई चढवणारा, रंग भरणारा आणि अक्षरं काढणारा असे पाच हात असतात. परीक्षणात निदान तिघांचं तरी काम दिसलं पाहिजे. आणि हा नुसता शिष्टाचार नाही. सुपरमॅनचे निर्माते जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी त्याचे सगळे हक्क १३० डॉलरला देऊन टाकले होते. बॅटमॅनमध्ये ज्यांचा निम्मा वाटा, त्या बिल फिंगर यांचं नाव २०१५ पर्यंत अधिकृतपणे छापलंही जात नव्हतं. ते तर १९७४ मध्येच गेले होते. नावं लिहीत जा.

स्पायडरमॅन वाचतेस, तर १९६६ चा तेहतिसावा अंक काढ. स्टीव्ह डिटको यांनी त्यात एक प्रसंग काढलाय: लोखंडाच्या प्रचंड यंत्राखाली पीटर अडकलाय, वरून पाणी गळतंय, आजीसारख्या काकूचं औषध समोर हाताच्या अंतरावर पडलंय. पानामागून पान तो नुसता उचलायचा प्रयत्न करतो. चौकटींचा आकार बघ. सुरुवातीला त्या लहान आहेत, त्यालाही आणि आपल्यालाही हलायला जागा नाही. तो जसा जोर लावतो तशा त्या मोठ्या होतात, आणि यंत्र उचललं जातं ते पूर्ण पानभर. चित्रकारानं चौकटींच्या मापानं श्वास कोंडला आणि सोडला. हे दिसलं की 'भारी' लिहायची गरजच राहत नाही.

आता तेच डोळे इंद्रजालकडे वळव. वेताळ मुळात वर्तमानपत्रात रोज तीन-चार चौकटींची पट्टी म्हणून यायचा. रोजच्या शेवटच्या चौकटीत उद्यासाठी गाठ, आणि दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या चौकटीत काल काय झालं त्याची आठवण. त्या पट्ट्या कापून, जुळवून पुस्तकाच्या पानावर बसवल्या गेल्या. म्हणून वाचताना मध्येच तेच वाक्य दुसऱ्यांदा येतं, म्हणून दर तिसऱ्या चौकटीला कुणीतरी दचकतं. हा दोष नाही. ती जुन्या घराची खूण आहे. पण लिहिताना ती ओळखली पाहिजे, नाहीतर तू लेखकाला उगाच बोल लावशील.

शेवटी तुझं स्वतःचं शेल्फ. तू पत्रात लिहिलंस की तुझी सगळ्यात आवडती 'मिस मार्व्हल', म्हणजे कमला खान. २०१४ च्या त्या पहिल्या अंकाची सुरुवात आठव. जर्सी सिटीतली पाकिस्तानी आईबापांची मुलगी दुकानात उभी राहून डुकराच्या मांसाच्या सँडविचचा नुसता वास घेते. खाणार नाही, वास तरी घेऊ दे. सुपरहिरोची कथा एका वासानं उघडते, हे जी. विलो विल्सन यांचं लेखन, आणि एड्रियन अल्फोना यांनी तो हावरेपणा चेहऱ्यावर आणलाय. आणि अंकाच्या शेवटी तिला शक्ती मिळते तेव्हा काय होतं? ती सोनेरी केसांची, गोरी बाई होते. कारण नायिका म्हटल्यावर तिच्या डोळ्यांसमोर तेच रूप येतं.

भाची, मामांच्या ट्रंकेतला प्रश्न आणि तुझ्या शेल्फावरचा प्रश्न एकच आहे. पराक्रमी माणूस म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर कोण उभं राहतं? मामांच्या पिढीला वेताळ मिळाला. मग १९७६ मध्ये आबिद सुरतींचा बहादूर आला, डाकूचा मुलगा, कुर्ता आणि जीन्समध्ये, चंबळच्या मुलखात, आणि त्याच्याबरोबर कराटे जाणणारी बेला. इंद्रजालच्याच पानांवर, गोविंद यांच्याच हातानं. ट्रंकेत बहादूरचे किती अंक आहेत आणि मामांनी ते कुठल्या स्टेशनवर घेतले, ते वहीत बघ. वेताळ, बहादूर, कमला, या तिघांना शेजारी ठेवून जर कुणी मराठीत नीट लिहिलं असेल, तर माझ्या वाचनात ते आलेलं नाही. तू लिही. कुठल्याही एका अंकापासून, दीड पान, 'भारी' हा शब्द न वापरता.

राहता राहिलं ते तू पत्राच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलेलं, एका अंकात सतराव्या पानावर एसटीचं तिकीट सापडलं ते. ते तिथेच ठेवावंसं वाटतंय, असं तू म्हणतेस. तसं करू नकोस. तिकिटाचा कागद आणि शाई दोन्ही समोरच्या पानावर डाग पाडतील, कदाचित पडलाही असेल. लहान पिशवीत घाल, पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूला त्याच अंकाबरोबर ठेव, आणि वहीत लिही: पान १७, तिकीट, कुठून कुठे. भाडं वाचता आलं तर तेही.

तुझी,
सल्लागार ताई